मांडवीच्या सुताराची एल्मर्टन

रत्नागिरीला लोक आंब्याच्या दिवसांत जातात. मी दसरा झाल्यावर गेलो, आणि तिथल्या तीन दिवसांतला बराचसा वेळ एका मोटारीखाली उताणा पडून काढला. परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, समुद्र कसा होता? आवाज चांगला येत होता, असं मी सांगितलं. त्यांना ती थट्टा वाटली.

मी पुण्यातल्या एका तंत्रनिकेतनात तीस वर्षं वर्कशॉप शिकवलं. निवृत्तीनंतर जुन्या मोटारींच्या शौकिनांचं एक मंडळ आहे, त्यांच्यासाठी गाड्या तपासतो. दरवर्षी हिवाळ्यात मंडळाची रॅली निघते. रॅलीत कुठली गाडी कुठल्या रांगेत लागायची हे दोन पानांच्या एका फॉर्मवर ठरतं. तो फॉर्म मीच तयार केलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर माझी श्रद्धा जरा जास्तच आहे. त्यात एक रकाना आहे, ‘बॉडी बांधणारा’. खेड्यापाड्यांतल्या गाड्यांपुढे मी त्या रकान्यात वर्षानुवर्षं दोनच शब्द लिहीत आलो, ‘स्थानिक, अज्ञात’. असं लिहिलेल्या गाड्या शेवटच्या रांगेत जातात, भज्यांच्या स्टॉलशेजारी.

या वर्षी मंडळाकडे एक पत्र आलं. पाठवणाऱ्या मेघा शिवलकर लांज्याच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे एल्मर्टन आहे. चालू आहे. तिची बॉडी माझ्या आजोबांनी, मांडवीच्या गणपत शिवलकरांनी बांधली. ते होड्या बांधणारे सुतार होते. कृपया ‘अज्ञात’ असं लिहू नये.’

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. माझ्या फॉर्ममध्ये मी काय लिहायचं ते लांज्याच्या बाईंनी सांगायचं, म्हणजे फारच झालं. पण एल्मर्टन म्हटल्यावर पाय थांबेनात. बॅग भरली आणि निघालो.

एल्मर्टन म्हणजे काय

वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल, म्हणून थोडं सांगतो. एका इंग्रज घड्याळजीच्या दोन मुलांनी मोटारींच्या अगदी पहिल्या काळात ही कंपनी काढली. बापाच्या दुकानात ते जे शिकले तेच त्यांनी मोटारीत आणलं. इंजिन चालू असताना त्यावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलता कामा नये, असा धाकट्याचा हट्ट असे. प्रत्येक इंजिन एकाच कारागिरानं पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवायचं, आणि झालं की त्यावर स्वतःची आद्याक्षरं ठोकायची. वर्षाकाठी त्यांच्या गाड्या निघत मोजक्याच, आणि घेणारे राजेरजवाडे नाहीतर व्यापारी.

आता ऐका गंमत. या एवढ्या नावाजलेल्या कंपनीनं पूर्ण मोटार अशी कधी विकलीच नाही. कारखान्यातून बाहेर पडे तो नुसता सांगाडा. चाकं, इंजिन, सुकाणू, पुढची पितळी जाळी, आणि ड्रायव्हरला बसायला एक खोकं. वरची बॉडी गिऱ्हाइकानं आपल्या आवडीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. असे कारागीर पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधत. ते आपल्या नावाची छोटी पितळी पट्टी दारापाशी लावत, आणि जाणकार आधी ती पट्टी बघत. पुढे मंदी आली, एल्मर्टनची गिऱ्हाइकंच बुडाली, आणि त्यांच्यामागून कंपनीही बुडाली. आपल्याकडे यातल्या किती गाड्या उरल्या ते मला नक्की माहीत नाही. मी तोवर एकच पाहिली होती, तीही न चालणारी.

मांडवी, पहिला दिवस

मांडवीच्या किनाऱ्यापासून जरा आत, माडांच्या मागे शिवलकरांचं कौलारू घर आहे. मेघाताई सकाळच्या एसटीनं लांज्याला गेल्या होत्या. दारात त्यांचे वडील उभे होते, दत्ताराम शिवलकर. वय ब्याऐंशी, अंगात गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा, आणि हाताची बोटं पाहिली तर प्रत्येक बोट रंध्यावर झिजलेलं. मी हात जोडले.

“तुमीच काय ते मास्तर?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आधी च्या घ्या. गाडी काय पलून जात नाय.”

आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारतात. इथे विचारायची पद्धत नाही, सरळ आणून ठेवतात. चहाबरोबर घावणे आले, त्यावर ओल्या खोबऱ्याची चटणी. चार खाल्ले तेव्हा दत्ताकाकांची नजर निवळली.

गाडी अंगणाच्या कडेला माडाच्या झापांच्या खोपीत होती, नाक रस्त्याकडे करून. खोपीतली जमीनही रस्त्याकडे उतरती. शेजारी एक छोटी होडी पालथी घातलेली, आणि गाडीच्या खाली कोंबड्या. मी आत पाऊल टाकलं तर पहिल्यांदा नाकाला कळलं. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, तेलाचा वास; लाकूड टिकावं म्हणून होडीला पाजतात ते. मासळीबाजारात मुसळधार पावसानंतर येतो तसला.

“वास येतोय ना?” काका म्हणाले. “ह्या वासानच ती आमच्याकडं ऱ्हायली.”

मग त्यांनी हकिगत सांगितली. रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्यानं मुंबईहून ही गाडी मागवली. आगबोट बंदराला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. दोन पडाव, म्हणजे मालाच्या रुंद होड्या, एकमेकांना बांधून त्यावर गाडी चढवली आणि किनाऱ्याकडे आणू लागले. लाट आली, दोर सुटला, गाडी कंबरभर पाण्यात. मांडवीच्या लोकांनी ओढून काढली तेव्हा लोखंड शाबूत, पण वरच्या बॉडीचा चुराडा झालेला. व्यापाऱ्यानं गणपत सुताराला बोलावलं आणि नवी बांधायला सांगितली.

“बापसान आयुष्यात मोटार बगितलीन नव्हती,” काका म्हणाले. “होडी म्हाईत व्हती. होडीच बांधलीन.”

मी टॉर्च पेटवला आणि आत डोकं घातलं. इंजिनावर टी. डब्ल्यू. अशी अक्षरं होती, झगझगीत. सांगाडा अस्सल, यात शंका नव्हती. मग वर पाहू लागलो, आणि मला माझं चष्म्याचं फडकं दोनदा बाहेर काढावं लागलं. इंग्रज कारागीर लाकूड वाफेवर धरून वाकवतात. इथे एकही लाकूड वाकवलेलं नव्हतं. चाकावरच्या कमानीसाठी तेवढ्याच बाकाची फणसाची फांदी शोधून आणलेली, तिचे तंतू कमानीबरोबर वळत गेलेले. फळ्या सागाच्या, तांब्याच्या खिळ्यांनी बसवलेल्या, आणि फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरलेला, होडीला भरतात तसा. मागची बाजू तर होडीचा निमुळता पुढचा भागच, फक्त उलटा लावलेला.

गंमत अशी की त्याच काळात युरोपातले शौकीन मुद्दाम होडीच्या आकाराची गाडी बांधून घेत. ती तिथली फॅशन होती. आणि मांडवीतल्या एका सुतारानं ती फॅशन कानावर न येता करून टाकली, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. माझी छाती उगाचच फुगली. मी मूळचा साताऱ्याकडचा, माझा त्यात काय हात, पण फुगली खरी.

“मग व्यापाऱ्यानं का नाही नेली?”

काकांनी खांद्यावरचा पंचा काढला. “आला, बगितलान, नाकाला रुमाल लावलान. म्हनाला, खानदानी गाडीला म्हावऱ्याचा वास लावलास. तुजी तुलाच ऱ्हाऊ दे.” त्यांनी बॉनेटवरून पंचा फिरवला. “बापूस कुनाला काय बोलला नाय. पन त्यानंतर गावात कोनी गाडीचा विषय काडलान की उठून जायचा. मी चौदा वर्षांचा व्हतो तवा तो गेला. आता तुमी आलाव. बापसाचा काम एकदा नाकारला तो नाकारला, मास्तर. दोनदा नको.”

दोन पानांचा फॉर्म बॅगेत होता, आणि त्यातल्या त्या रकान्यात दोन शब्द लिहायची माझ्या हाताला सवय होती.

पावसच्या रस्त्याला, दुसरा दिवस

नियमाप्रमाणे गाडी स्वतःच्या ताकदीवर निदान वीस किलोमीटर धावली पाहिजे. आम्ही पावसपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. मेघाताईंनी शाळेतून दोन दिवस रजा काढली होती. त्या चाळिशीच्या, बोलायला वडिलांपेक्षा मऊ, पण पत्रातलं वाक्य मागे घेण्याचं कुठलंही चिन्ह चेहऱ्यावर नव्हतं. त्या मागे बसल्या, मी पुढे, आणि चाकावर दत्ताकाका. ब्याऐंशीच्या माणसाला गाडी हाकू द्यावी का, असा प्रश्न मनात आला होता. त्यांनी हँडल मारलं, पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं, आणि प्रश्न मनातच राहिला.

मी पाण्याचा पेला मागितला आणि बॉनेटवर ठेवला. पाणी थरथरलं, सांडलं मात्र नाही. एवढ्या वयाला एवढं पुष्कळ.

मांडवीतून निघालो तर घराघरांतून माणसं बाहेर आली. कोळंबी सोलणाऱ्या बायकांनी हात वर केले, पण हातातलं काम सोडलं नाही. भाट्याच्या पुलावर वाऱ्यानं माझी टोपी उडवली, ती खाडीला अर्पण झाली. पूल संपला की चढ लागतो. मी सवयीनं घड्याळ काढलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, न कुरकुरता, वर आली. वर सडा, म्हणजे खडकाळ माळ, पसरलेला, काळा पडलेला जांभा, मधूनच पिवळं पडत चाललेलं गवत, आणि लांब खाली समुद्राची एक पट्टी. आमच्याकडे माळ म्हटलं की माती दिसते. इथला माळ म्हणजे नुसता दगड, आणि त्यात सुरुंग लावून, बाहेरून माती आणून लोकांनी आंब्याची कलमं वाढवलेली. हे लोक कशालाच नाही म्हणत नाहीत, असं तेव्हाच मनात आलं.

पावसला मेघाताईंनी ओळखीच्यांकडे जेवण सांगून ठेवलं होतं. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी, तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी बांगड्याशी ज्या सावधगिरीनं वागत होतो ती पाहून काका म्हणाले, “मास्तर, काटा नुसता बगू नका. त्याला बी भूक लागते तुमची.” ओसरीवर सगळे हसले. मीही हसलो आणि त्याच घासाला काटा लागला.

परतताना सड्यावर पावसानं गाठलं. परतीचा पाऊस, इथे तो दुपारी न विचारता येतो. गाडीचं छत उभं करेपर्यंत सर येऊन गेली. पाच-दहा मिनिटांचाच खेळ, पण पाय गार लागले म्हणून खाली पाहिलं तर घोट्यापर्यंत पाणी. गाडीत. बाहेर रस्ता कोरडा होत चाललेला आणि आत माझे बूट तरंगायच्या बेतात.

दत्ताकाकांनी शांतपणे गाडी बाजूला घेतली, सीटखालून डालड्याचा जुना डबा काढला, आणि होडीतलं पाणी उपसतात तसं उपसू लागले.

“हा बापसाचा एकच दोष,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “होडीत भायरचा पानी आत येता कामा नाय, म्हनून तळ घट्ट बांदलान. पन गाडीत पानी वरून येता. ता जायाला वाटच ठेवलीन नाय. साठ-सत्तर वर्षा मी ह्या डब्यान काडतोय.”

“तुम्ही एखादं भोक नाही पाडलंत?” मी विचारलं.

त्यांनी डबा थांबवला. “बापसाच्या कामाला भोक पाडू?”

ज्या सुतारानं फांद्यांचे बाक शोधून कमानी केल्या, त्याला पाणी खाली जातं हे सुचू नये, याचं मला वाईट वाटत होतं. तरी रात्रीच्या जेवणाआधी फॉर्म काढला आणि ‘दोष’ या रकान्यात लिहिलं, ‘तळात पाणी साठते. बांधणीतील चूक.’ वरचा रकाना कोराच ठेवला. तिथे काय लिहायचं ते ठरत होतं, पण खाली ‘चूक’ लिहून वर नाव लिहिणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा बोलावून त्याच्यासमोर नाकाला रुमाल लावण्यासारखं होतं.

मांडवी, तिसरा दिवस

सकाळी उरलं होतं फक्त सांगाड्याचा नंबर पाहायचं. तो पुढच्या सीटच्या बरोबर खाली असतो, म्हणून चटई टाकून गाडीखाली शिरलो. कोंबड्या नाराजीनं बाहेर पडल्या. वर तळाच्या फळ्या, आणि त्यांच्यावर रंग. कसला रंग म्हणता. लाल, निळा, पांढरा, परत लाल, थरावर थर, बोटाच्या पेराएवढा जाड. काका दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी होड्यांबरोबर गाडीलाही तेल पाजतात आणि वरून-खालून रंगवतात. होडीला वर्षाचा रंग चुकवायचा नसतो, मग गाडीनं काय पाप केलं, असा त्यांचा हिशेब.

नंबर मिळाला. लिहून घेत होतो तोच कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. कालचं थोडं पाणी आत राहिलं होतं, पण ह्या तळातून थेंब पडणं शक्यच नव्हतं. टॉर्च वर धरला. रंगात एक बारीक चीर होती, आणि ती चीर गोल होती. पूर्ण गोल, बशीएवढी नाही, कपाएवढी. काल पावसच्या रस्त्याचे हादरे खाऊन आणि वरून पाण्याचं वजन घेऊन तिथला रंग तडकला होता. मी चावीनं कडेचा रंग उकरला. आतल्या लाकडाचे तंतू फळीच्या दिशेनं जात नव्हते, आडवे होते.

“काका,” मी खालूनच हाक मारली, “जरा पटाशी द्या.”

“कशाला?” आवाजात धार होती.

“मी काही पाडत नाही. जे आहे तेच बघतोय.”

पटाशी आली, पण तिच्याबरोबर काकाही आले. ब्याऐंशीच्या वयात ते माझ्या शेजारी उताणे झाले. मी टॉर्च धरला, त्यांनी पटाशी त्या गोल चिरेवर ठेवली आणि तळहातानं हलकेच ठोकत सगळीकडून फिरवली. रंगाचे थर खपल्यांसारखे गळून पडले, नवे रंग आधी, जुने मागाहून. मग त्यांनी दोन बोटांनी धरून एक झटका दिला आणि बूच हातात आलं. सागाचं, निमुळतं, कडेला तेलाचा कापूस गुंडाळलेला. मागोमाग कालचं पाणी आमच्या दोघांच्या तोंडावर पडलं.

आम्ही बाहेर आलो. काका तो लाकडाचा तुकडा हातात फिरवत उभे राहिले.

“होडीला बूच मागं असतो,” ते हळू म्हणाले. “मी मागं शोदला व्हता. कितीदा शोदला. पुढं कोन ठेवील?”

मी खोपीकडे पाहिलं. गाडीचं नाक रस्त्याकडे, जमीन रस्त्याकडे उतरती. आत पडलेलं पाणी वाहत जाऊन जमणार ते पुढेच. गणपत सुतारानं भोक होडीच्या रिवाजाप्रमाणे ठेवलं नव्हतं. व्यापाऱ्यानं गाडी नाकारल्यावर ती जिथे उभी राहायची, ती जागा बघून ठेवलं होतं. हे मी बोललो. काकांना ते माझ्या आधी कळलं होतं.

“मेघा,” त्यांनी हाक मारली, “बादली आन.”

मेघाताईंनी विहिरीवरून बादली आणली. काकांनी ती सरळ गाडीत ओतली. पाणी तळावरून पुढे आलं, भोकापाशी जमलं आणि धो धो खाली गेलं. त्यांनी दुसरी ओतली. तिसरी. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या तपासण्यांत कुणी एल्मर्टनमध्ये विहिरीचं पाणी ओतताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला थांबवावंसंही वाटलं नाही. चौथ्या बादलीला कोंबड्या परत आल्या आणि गाडीखालच्या तांबड्या मातीत साचलेलं पाणी पिऊ लागल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. “मी ल्हान व्हतो तवा पावसात कोंबड्या इथं पानी प्यायला यायच्या,” ते म्हणाले. “बापूस गेल्यावर यायच्या बंद झाल्या. मला वाटायचा, कोंबड्याच बदलल्या.” त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. तोंडावर गाडीचं पाणी होतं, आणि बाकीचं काय होतं ते मी पाहिलं नाही. “बापूस चुकला नव्हता, मेघा. मी दरसाल मायेनं रंग लावत गेलो आनि त्याचीच वाट बुजवली. आनि जगभर सांगत ऱ्हायलो, बापसाचा एकच दोष.”

“जगभर कुठे, बाबा,” मेघाताई म्हणाल्या, “मांडवीत.”

“मांडवीत सांगितला म्हंजे झालाच की.”

ओसरीवर बसून मी फॉर्म पुरा केला. ‘बॉडी बांधणारा’ या रकान्यात लिहिलं, ‘गणपत शिवलकर, होड्यांचे सुतार, मांडवी, रत्नागिरी.’ हात एकदाही अडला नाही. एल्मर्टनवाल्यांनी इंजिन जुळवणाऱ्या टी. डब्ल्यू.ला अक्षरं ठोकायची मुभा दिली होती, तेव्हा बाकीचं अर्धं काम करणाऱ्याला एक ओळ तरी मिळायलाच हवी होती. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मेघाताईंनी मान खाली घातली आणि आत जाऊन चहा ठेवला. या घरात आनंद झाला की चहा ठेवतात, दुःख झालं तरी ठेवत असणार.

काका मात्र उठले नाहीत. चष्मा लावून ते माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होते. त्यांचं बोट नावावर थांबलं नाही, खाली खाली सरकत ‘दोष’ या रकान्यावर आलं.

“हिथं काय लिवलाव?”

मी वाचलं. ‘तळात पाणी साठते. बांधणीतील चूक.’

“खोडा.”

मी खोडलं. एका रेघेवर त्यांचं समाधान होईना, दुसरी मारायला लावली.

“आता लिवा,” ते म्हणाले, आणि ते बूच त्यांनी माझ्यासमोर, कागदावर, नीट उभं करून ठेवलं. “पानी जायाला वाट हाय.”